स्वातंत्र्यदेवतेचा पाव डॉलर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९१६ ते १९३० या काळात पाडलेले रौप्य नाणे. शिल्पकार हर्मन मॅकनील यांनी त्याच्या दर्शनी बाजूवर, अभिजात मूर्तिकलेच्या संकेतास अनुसरून, डाव्या हाती ढाल धारण केलेली व उजवा स्तन अनावृत असलेली स्वातंत्र्यदेवता रेखाटली होती. १९१७ च्या जुलैत काँग्रेसने फेरफारास मंजुरी देताच देवतेच्या अंगावर कड्यांचे चिलखत चढले. नीतिरक्षकांच्या हाकाटीने हे घडले, अशी कथा नाणेसंग्राहकांत रूढ आहे. परंतु खजिना खात्याने काँग्रेसकडे धाडलेल्या पत्रात नाण्यावरील गरुडाचे स्थान व ताऱ्यांची मांडणी यांचा निर्देश असून नग्नतेचा उल्लेखही नाही. शिवाय राष्ट्र त्याच वर्षीच्या एप्रिलात महायुद्धात उतरले असल्याने, देवता शस्त्रसज्ज दिसावी हा हेतू अधिक संभवनीय वाटतो.