जिवाणूंच्या गप्पा आणि लसणाची पाकळी

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर जाणवतो, तो जिवाणूंची वसाहत असतो. त्याला 'बायोफिल्म' म्हणतात. जिवाणू स्वतःच एक चिकट पदार्थ तयार करतात आणि त्यात दडून एकत्र राहतात. असाच थर लघवीच्या कॅथेटरवर, कृत्रिम सांध्यावर किंवा जुनाट जखमेत बसला, तर काम अवघड होतं. सुट्या जिवाणूंना सहज मारणारा अँटिबायोटिकचा डोस इथे पुरत नाही. कधी कधी तो शेकडो पट वाढवावा लागेल, आणि तेवढा डोस माणसाला देता येत नाही.

मग या वसाहतीचं संघटन चालतं कसं?

सोसायटीच्या सभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसंच काहीसं इथे आहे. प्रत्येक जिवाणू बारीक रासायनिक रेणू बाहेर सोडतो. गर्दी वाढली की रेणू वाढतात आणि ठरावीक पातळी ओलांडली की सगळे मिळून वागणं बदलतात: कोणी विष तयार करतं, कोणी थर पक्का करतं. समुद्रातले प्रकाश देणारे जिवाणू गर्दी झाल्यावरच चमकतात, हे १९७० च्या सुमारास लक्षात आलं. या प्रकाराला 'कोरम सेन्सिंग' हे नाव मात्र १९९४ मध्ये मिळालं.

वनस्पतींचा संबंध इथे येतो. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं 'डेलिसिया पुल्क्रा' हे लाल समुद्री शेवाळ स्वतःवर जिवाणूंचा थर फारसा बसू देत नाही. त्यातली फ्युरॅनोन नावाची रसायनं जिवाणूंच्या निरोपात अडथळा आणतात. जिवाणू मरत नाहीत, त्यांना फक्त निरोप मिळत नाही.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येतं. 'क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम' हा जिवाणू निरोप मिळाला की जांभळा होतो. त्याच्या बशीत वनस्पतीचा अर्क टाकला आणि जिवाणू वाढले पण रंग आला नाही, तर संवाद तुटला असं मानतात. जिवाणू वाढलेच नाहीत, तर अर्काने त्यांना सरळ मारलं. फॉरवर्ड मेसेजमध्ये हा फरक कुठेच नसतो.

लसणाचं उदाहरण सर्वांत बोलकं. ठेचलेल्या लसणातून मिळणाऱ्या 'अजोईन' या घटकामुळे स्यूडोमोनास या चिवट जिवाणूचा संवाद बिघडतो, असं डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. टोब्रामायसिन या अँटिबायोटिकसोबत दिल्यावर थरातले जिवाणू जास्त मेले. म्हणजे लसूण औषधाच्या जागी नव्हता, जोडीला होता.

माणसांवर काय झालं? सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांच्या आजारात ब्रिटनमध्ये एक छोटी चाचणी झाली, २०१० साली प्रसिद्ध झालेली. रुग्णांना आठ आठवडे लसणाच्या तेलाच्या कॅप्सूल किंवा ऑलिव्ह तेल दिलं. चाचणी पूर्ण केली २६ जणांनी. दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. बशीत चालणारी गोष्ट पचनातून, रक्तातून जाऊन फुफ्फुसातल्या थरापर्यंत पुरेशी पोहोचेलच असं नाही. फ्युरॅनोनची अडचण वेगळी, त्यातले बरेच प्रकार माणसाच्या पेशींनाही घातक ठरतात.

त्यामुळे 'लसूण खा, अँटिबायोटिक सोडा' असा मेसेज आला तर डॉक्टरांनी दिलेला कोर्स मध्येच थांबवू नका. भाजीत, चटणीत लसूण खुशाल घाला. पण कच्चा लसूण वाटून जखमेवर बांधू नका, त्याने त्वचा भाजल्यासारखी होऊन फोड येतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर लसणाच्या कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, रक्तस्राव वाढू शकतो.