तडकलेल्या झिलईचें राजवैभव

आपल्याकडे मडक्यास चीर गेली कीं त्याची वाट उकिरड्याकडे. चीनमध्यें मात्र तडकलेल्या झिलईचीं पात्रें प्रत्यक्ष राजपूजेस बसलीं, आणि पुढें सात शतकें सम्राटांनीं तीं जिवापाड जपलीं.

ह्या विलक्षण रुचीचें मूळ एका पराभवांत आहे. इ. स. ११२७ मध्यें जुर्चेन लोकांनीं सुंग घराण्याची राजधानी काइफेंग लुटली व बापलेक असे दोन सम्राट कैद करून उत्तरेस नेले. त्यांबरोबर पूजेचीं कांस्यपात्रेंही गेलीं. उरलेला दरबार दक्षिणेस पळाला आणि ११३८ मध्यें हांगचौ येथें स्थिरावला. राज्य अर्धें झालें, तरी पूजा खंडित होऊन चालण्यासारखें नव्हतें; कारण तो अधिकार हेंच राजेपणाचें प्रमाण. तेव्हां नगरालगतच्या टेकड्यांत सरकारी भट्ट्या उभारून कांस्याचे प्राचीन घाट मातींत उतरविण्यांत आले. हींच ‘क्वान’, म्हणजे सरकारी, भांडीं.

त्यांचें अंग लोहयुक्त काळसर मातीचें व पातळ. वर झिलईचे थरावर थर, कधीं कधीं अंगाहूनही जाड. भट्टी निवतांना झिलई अंगापेक्षां अधिक आकसते आणि ताण न सोसून तडकते. कुंभाराच्या हिशेबीं हा दोषच. परंतु त्या निळसर-करड्या झिलईंतील रेषांच्या जाळ्यांत जाणत्यांस बर्फाच्या चिरा दिसल्या, आणि कारागीर दोष टाळण्याऐवजीं तो साधूं लागले. हांगचौच्या लाओहूतुंग येथील उत्खननांत नापसंत भांडीं फोडून पुरलेले खड्डे सांपडले आहेत. म्हणजे तडे चालत होते, पण वाटेल ती वस्तु चालत नव्हती!

‘को’ नांवाच्या भगिनीजातींत काळ्या ठळक व पिवळसर बारीक अशा दुहेरी रेषा असतात; ‘सोन्याचे धागे, लोखंडाच्या तारा’ असें त्यांचें वर्णन करतात. तिच्या काळाविषयीं व भट्टीविषयीं पंडितांचा वाद अजून मिटलेला नाहीं. त्यांत भर घातली अनुकरणानें. अठराव्या शतकांत युंगचेंग सम्राटाच्या कारकीर्दींत तांग यिंग ह्या अधिकाऱ्यानें चिंगतेचेन येथें दोन्हींच्या उत्तम प्रतिकृती करविल्या. तेथील माती पांढरी. म्हणून बुडाशीं तपकिरी रंग देऊन जुन्या काळ्या मातीचा आभास आणीत. पुढें चिएनलुंग सम्राटानें तर जुन्या भांड्यांवर स्वतःचीं पद्यें कोरविलीं. ही रसिकता कीं मालकी? मला तरी दुसरीचाच अंश अधिक दिसतो.

ती मालकीही टिकली नाहीं. १९११-१२ च्या क्रांतींत राजसत्ता संपली. १८९२ मध्यें मुंबईंत जन्मलेले संग्राहक सर पर्सिव्हल डेव्हिड ह्यांनीं पेकिंगच्या एका बँकेकडे गहाण पडलेल्या राजसंग्रहांतील कांहीं वस्तु १९२० नंतरच्या दशकांत मिळविल्या. त्यांचा सुमारें १,७०० नगांचा संग्रह २००९ पासून लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें मांडलेला आहे. त्यांत क्वान आहे, को आहे, आणि चिएनलुंगचीं पद्येंही आहेत.