पायांना वेग, कानांना सोबत

धावणे आणि गाडी चालवणे या दोन्ही कामांत हात, पाय आणि डोळे गुंतलेले असतात. कान मात्र बऱ्याच अंशी मोकळा राहतो. या मोकळ्या कानावर प्रथम रेडिओने हक्क सांगितला, मग वॉकमनने. गेल्या काही वर्षांत ती जागा पॉडकास्टने घेतली आहे. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांच्या संयोगातून झालेला हा शब्द ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’मधील लेखात वापरला. पुढच्याच वर्षी ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. नाव मात्र टिकून राहिले.

आवडते पॉडकास्ट कोणते, असे विचारले की श्रोते लांबलचक यादी देतात. पण दिवाणखान्यात रंगणारा कार्यक्रम धावताना रंगेलच असे नाही. धाप लागली की लक्ष सुटते, दोन-चार वाक्ये निसटतात. म्हणून धावणाऱ्याला एकाच निवेदकाचा, सरळ रेषेत पुढे जाणारा कार्यक्रम मानवतो. अमेरिकी निवेदक माइक डंकन यांची ‘द हिस्टरी ऑफ रोम’ ही मालिका या दृष्टीने आदर्श म्हणावी लागेल. २००७ ते २०१२ या काळात तिचे १७९ क्रमांकित भाग झाले. एक आवाज, एक कालानुक्रम. एखादा सम्राट चढणीवर हातचा सुटला तरी पुढच्या सपाटीवर साम्राज्य तेथेच सापडते.

बीबीसी रेडिओ ४ वर १९९८ पासून सुरू असलेला ‘इन अवर टाइम’ हा कार्यक्रम थोडा अधिक अवधान मागतो. मेल्व्हिन ब्रॅग यांनी २०२५ पर्यंत तो चालवला. एक विषय आणि बहुधा तीन अभ्यासक, असा त्याचा साधा साचा आहे. पाऊण तासाच्या आसपासचा एक भाग म्हणजे संथ गतीने सहा किलोमीटर, हे गणित अनेकांना सोयीचे वाटावे. ज्यांना विद्वत्तेपेक्षा थरार हवा, त्यांच्यासाठी लेखिका नाओमी आल्डरमन यांच्या सहभागातून २०१२ मध्ये आलेले ‘झॉम्बीज, रन!’ आहे. ते रूढ अर्थाने पॉडकास्ट नव्हे, धावणाऱ्यासाठी रचलेले श्राव्य नाट्य आहे. मागे प्रेते लागली आहेत असे कानात सांगितले गेले की पाय आपोआप उचलले जातात!

गाडीतला वेळ सलग आणि लांब असतो. पुण्याहून कोल्हापूरला जाताना चार तासांचा एकच संवाद ऐकता येतो, आणि तेथे अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’ला तोड नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या इंग्रजी कार्यक्रमाचे अनेक भाग कित्येक तास चालतात. घाई नसलेल्या गप्पांचे सुख त्यात आहे. डॅन कार्लिन यांच्या ‘हार्डकोर हिस्टरी’मधील पहिल्या महायुद्धावरची सहा भागांची मालिका वीस तासांहून मोठी आहे. विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांचा ‘एम्पायर’ २०२२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीपासून सुरू झाला, त्यामुळे भारतीय श्रोत्याला तो लगेच आपला वाटतो.

२०१४ मधील ‘सीरियल’ने पॉडकास्टला जगभर श्रोते मिळवून दिले. बाल्टिमोरमधील हे मिन ली या विद्यार्थिनीच्या १९९९ मधील खुनाचा तो मागोवा आहे. त्याची पकड विलक्षण आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने शहरी गर्दीत गाडी चालवताना तो ऐकू नये. निवेदिका पुराव्याची उलटतपासणी करत असताना चालकाचे मन समोरच्या रिक्षावर राहीलच, याची हमी कोण देणार?

हा प्रश्न केवळ आवडीचा नाही. युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फोनवर बोलणाऱ्यांचे लक्ष ढळले, मात्र रेडिओ किंवा ध्वनिमुद्रित पुस्तक ऐकणाऱ्यांच्या कामगिरीत तसा फरक आढळला नाही. श्रोत्याला उत्तर द्यायचे नसते, हा मोठा फरक आहे. परंतु तो प्रयोग प्रयोगशाळेतला होता. सायंकाळी सहाच्या सिंहगड रस्त्यावरचा नव्हे. शिवाय गाडीतील स्पीकर वेगळा आणि कानात खुपसलेले इअरफोन वेगळे. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकून गाडी चालवण्यास कायद्याने मनाई आहे. अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेने २००७ मध्ये शर्यतींत हेडफोनवर बंदी घातली होती. पुढच्या वर्षी ती मुख्यतः पारितोषिकांसाठी धावणाऱ्यांपुरती ठेवण्यात आली. आपल्याकडे हेल्मेटखाली इअरफोन घालून दुचाकी चालवणारे सर्रास दिसतात. मागून येणाऱ्या बसचा हॉर्न हाही ऐकण्याचाच विषय आहे, एवढे त्यांनी लक्षात घेतलेले बरे. रस्त्यावर धावणाऱ्यांनीही एक कान मोकळा ठेवावा, किंवा गालाच्या हाडावाटे ध्वनी पोचवणारे इअरफोन वापरावेत.

मराठीत ‘अमुक तमुक’, सौमित्र पोटे यांचे ‘मित्रम्हणे’ असे गप्पांचे कार्यक्रम चांगले रुजले आहेत. अडचण एकच. मराठीतील बरेचसे कार्यक्रम कॅमेऱ्यासमोर होतात आणि यूट्यूबवर पाहिले जातात. यूट्यूबच्या मोफत सेवेत पडदा बंद केला की बहुधा आवाजही थांबतो. मग चालक पडदा चालू ठेवतो आणि नजर तिकडे जाते. अशा वेळी त्याच कार्यक्रमाची केवळ श्राव्य आवृत्ती स्पॉटिफायसारख्या ठिकाणी आहे का, हे आधी पाहावे. नभोनाट्याची एवढी परंपरा असलेल्या भाषेत केवळ कानासाठी रचलेल्या दीर्घ मालिका आणखी हव्यात, असे राहून राहून वाटते.

भाग निवडण्याचे काम गाडी सुरू करण्यापूर्वीच उरकावे आणि तो घरच्या वायफायवर उतरवून घ्यावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील बोगद्यांत नेटवर्क दगा देते, आणि तुटलेला कार्यक्रम पुन्हा जोडण्यासाठी हात फोनकडे जातो तो नेमका घाटात.