राघोजींची फिरंग: नाव आणि क्रमांक

एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील सदबीज ह्या लिलावगृहात नागपूरकर भोसल्यांची एक तलवार विक्रीस आली आणि महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपयांस मिळविली, हे वृत्त आमच्या बहुतेक वाचकांच्या स्मरणात असेल. ऑगस्टमध्ये ती मुंबईस पोचली. तिचे यथोचित स्वागत झाले. गेलेली वस्तू घरी आली ह्याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु त्या आनंदाच्या भरात एक साधा प्रश्न मागे पडला. ही तलवार कोणत्या सालची? ती पहिल्या रघूजींची, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, असे सर्वत्र छापले गेले. तसे असणे शक्य आहे. नव्हे, संभवनीयही आहे. तथापि संभवनीय आणि सिद्ध ह्यांत जे अंतर आहे ते इतिहासाच्या अभ्यासकाने विसरून चालत नाही.

जुन्या शस्त्रांचे वय ठरविणे ही पाश्चात्य संग्राहकांत एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे, आणि तिचा सर्वांत सोपा धडा नेमबाजीच्या पिस्तुलांत सापडतो. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून अमेरिकेतील कोल्ट कारखान्याने १९१५ साली .२२ व्यासाचे एक पिस्तूल काढले. १९२७ साली त्यास ‘वुड्समन’ हे नाव मिळाले आणि १९७७ पर्यंत ते निघत राहिले. पहिल्या पिस्तुलापासून प्रत्येकावर क्रमांक ठोकलेला. १९४७ साली नवे रूप आले तेव्हा मोजणी पुन्हा एकापासून सुरू झाली व आकड्यास ‘एस’ हे अक्षर जोडण्यात आले. संग्राहक हाती कोष्टक घेऊन बसतो, क्रमांक पाहतो आणि साल सांगतो.

हे वाटते तितके सरळ मात्र नाही. क्रमांक सांगाड्यावर कोणत्या दिवशी उमटला आणि पिस्तूल कारखान्याबाहेर कधी पडले, ह्या दोन तारखा निरनिराळ्या असू शकतात. दुसरी तारीख हवी असेल तर कंपनीच्या रवानगीच्या वह्या पाहाव्या लागतात, आणि त्यांतील उतारा कंपनी मूल्य घेऊन पत्राने कळविते. लुगर पिस्तुलाच्या बारीकसारीक भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात. ते मुख्य क्रमांकाशी जुळले नाहीत तर मागाहून दुसऱ्याचे भाग बसविले असे समजावे. म्हणजे क्रमांक असतानाही तो नुसता वाचून भागत नाही; त्याची साक्ष उलटतपासणी करूनच घ्यावी लागते. मग जेथे क्रमांकच नाही तेथे किती सावध असावे?

आपल्याकडे अशा खुणांची ओळख प्रथम कंपनी सरकारच्या बंदुकांनी करून दिली. त्यांच्या चापाच्या पट्टीवर १८०८ पर्यंत कंपनीचे हृदयाकृती चिन्ह असे, पुढे त्याच्या जागी उभा सिंह आला. त्या एका खुणेवरून बंदूक १८०८ च्या अलीकडची की पलीकडची हे आजही सांगता येते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेबांच्या मोठ्या फौजेपुढे कंपनीचे हजार-दीड हजार लोक टिकून राहिले, त्यांच्या हाती असली शिक्क्याची हत्यारे होती. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या हातचे शस्त्र परवान्याच्या कागदाशी बांधले गेले. त्या कायद्याविरुद्ध १९२७ साली ह्याच नागपुरात मंचरशा आवारी ह्यांनी उघडपणे शस्त्रे घेऊन सत्याग्रह केला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यातही अग्निशस्त्रावरील ओळखचिन्ह खोडणे वा बदलणे हा गुन्हाच आहे. सरकारास ओळख पटावी म्हणून ठोकलेला आकडा इतिहासकारास आयताच उपयोगी पडतो, हा त्यातला गमतीचा भाग होय.

आता मूळ विषयाकडे वळू. ह्या तलवारीचे पाते सरळ, एकधारी व युरोपात घडलेले आहे. मूठ मुल्हेरी घडणीची असून तीवर सोन्याचे काम आहे. पात्याच्या पाठीकडे सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ असा लेख आहे. म्हणजे एकाच वस्तूत तीन वये नांदतात: पात्याचे, मुठीचे आणि लेखाचे. युरोपी पाती समुद्रमार्गे येथे येत, हातोहात फिरत, जुन्या मुठी उतरून नव्या चढत. पाते मालकाहून कितीतरी वडील असू शकते. पात्यावर परदेशी कारागिराचे चिन्ह आढळले तरी त्यावर विसंबता येत नाही, कारण इकडचे लोहारही ती चिन्हे बेमालूम उठवीत असत.

राहिला लेख. त्यात साल नाही; नाव व पद आहे. आणि नागपूरच्या गादीवर रघूजी एक नव्हे, तीन झाले. पहिल्या रघूजींस सेनासाहेब सुभा हे पद शाहू छत्रपतींकडून लाभले. त्यांच्या स्वाऱ्यांनी बंगाल हादरला, १७५१ च्या तहाने ओरिसा त्यांच्या हाती आला, आणि १७५५ साली ते वारले. ह्या पदाचे मोल किती होते हे पुढील पिढीने रक्ताने दाखविले: जानोजी १७७२ साली निवर्तल्यावर मुधोजी व साबाजी ह्या सख्ख्या भावांत त्याच पदासाठी युद्ध पेटले आणि १७७५ साली पांचगावच्या रणात साबाजी पडला. ज्याच्या नावे हे पद मुधोजीने मिळविले तो त्याचा पुत्र म्हणजेच दुसरे रघूजी. १८०३ साली आडगावास पराभव व देवगावचा तह पत्करावा लागलेले, १८१६ साली वारलेले, तेही ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा’च. तिसऱ्या रघूजींचा पक्ष आम्हांस दुर्बळ वाटतो. कंपनीने बसविलेल्या त्या राजास १८२६ च्या तहाने साताऱ्याशी असलेला संबंध तोडावा लागला, आणि हे पद तर साताऱ्याचेच देणे. पहिल्या दोघांत मात्र केवळ नावावरून निवाडा होणे नाही. दोहोंच्या कारकिर्दींत अर्धशतकाचे अंतर पडते. तलवार बंगालच्या स्वारीच्या काळची की आडगावच्या पराभवाच्या काळची, हा फरक क्षुल्लक कोण म्हणेल?

लेखातील ‘फिरंग’ हा शेवटचा शब्द आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. नुसता अभिमान मिरवावयाचा असता तर धन्याचे नाव व पद पुरे होते. वस्तूची जात कशास लिहावी? जात लिहितो तो कारकून. मराठी दरबारांत सिलेखाना हे स्वतंत्र खाते असे आणि तेथे शस्त्रांची मोजदाद ठेवावी लागे. हा लेख शोभेचा असला तरी त्याची भाषा यादीतील नोंदीची आहे, असा आमचा तर्क आहे. बिकानेरच्या शस्त्रागाराने ह्यापुढे एक पाऊल टाकले होते. आदवानीच्या किल्ल्यात १६८९ च्या सुमारास हाती लागलेल्या शस्त्रांवर तेथे टिंबाटिंबांनी मजकूर उठविला आहे. त्यात कित्येकदा धन्याचे नाव, स्थळ आणि संवतही मिळतो. नागपूरच्या कारकुनाने दोन आकडे अधिक कोरविले असते तर हा लेख लिहिण्याचे आम्हांस कारण पडले नसते.

तलवार नागपुराबाहेर कशी गेली हेही असेच मोकळे आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतरची लूट हे एक उत्तर दिले जाते. दुसरी वाट १८५४ ची: राज्य खालसा झाल्यावर वाड्यातील जनावरे सीताबर्डीस लिलावात निघाली आणि जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले. आणि रेसिडेंट व सेनापतींस शस्त्रे नजर करण्याची चाल होती, ती तिसरी वाट.

निवाड्याची साधने अगदीच नाहीत असे नव्हे. मराठ्यांचे शिक्के देवनागरीत कोरले जात; दोन्ही रघूजींच्या मुद्रा सालवार कागदांवर उमटलेल्या आहेत. त्यांतील अक्षरांची वळणे तलवारीवरील अक्षरांशी ताडून पाहावीत. मुठीचे काम १८६३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील, आमच्या अजब बंगल्यातील, शस्त्रांशी लावून पाहावे. आणि हे होईपर्यंत तलवारीजवळच्या पाटीवर ‘राघोजी भोसले, पहिले किंवा दुसरे’ एवढेच लिहावे.