इक्वलायझरची दोन घराणी

इक्वलायझर स्टुडिओत जन्मला नाही, तो टेलिफोनच्या तारेवर जन्मला. तार लांबली की आवाज क्षीण होतो, पण सगळा सारखा क्षीण होत नाही, ही खरी अडचण होती. वरच्या कंपनांची गळती जास्त. त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ आधी नाहीसे होतात आणि बोलणं दबकं, घोगरं ऐकू येतं. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीत ओटो झोबेल नावाचे इंजिनियर या प्रश्नाच्या मागे लागले होते. कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर यांच्या त्यांनी अशा जोडण्या बसवल्या, की तारेने जे बिघडवलं त्याच्या नेमकं उलटं या जोडणीने करावं. त्यांचा यावरचा मोठा लेख 1928 सालचा.

यात एक मेख आहे. अशा जोडणीला स्वतःची ताकद नसते, तिला फक्त कमी करता येतं. वरचे स्वर गळाले असतील तर खालचेही तेवढेच खाली आणायचे, म्हणजे सगळे एका पातळीवर येतात, आणि मग व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरने अख्खा आवाज वर उचलायचा. आधी घालवा, मग भरून काढा. आज लाखांत विकल्या जाणाऱ्या इक्वलायझरच्या पेट्यांचं गुपित या उलट्या कारभारात आहे.

तारेवरून हे तंत्र रेडिओत आणि बोलपटांत गेलं. तिथे 1930च्या दशकात फिरवता येणारे इक्वलायझर आले. थिएटरचा आवाज सुधारण्यासाठी असा इक्वलायझर वापरण्याचं श्रेय सहसा आरसीएच्या जॉन व्होल्कमन यांना देतात. नॉब हाती आल्यावर मात्र कामाचा रोखच बदलला. तोवर बिघडलेलं सरळ करायचं होतं, आता चांगल्या आवाजालाही आपल्या आवडीचं वळण देता येऊ लागलं.

या आवडीचं दैवत म्हणजे पुल्टेक. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीत यूजीन शेंक आणि ऑली समरलिन या जोडगोळीने पुल्टेक या नावाने ईक्यूपी-1 हा इक्वलायझर बाजारात आणला. आत झोबेल यांच्याच जातीची निष्क्रिय जोडणी. ती सिग्नल चांगलाच खाली आणते, मग तो उचलायला व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर. बेससाठी ठरलेल्या मोजक्याच जागा, पण नॉब दोन: एक वाढवायचा, एक कमी करायचा. दोन्ही एकाच वेळी फिरवले तर काय होईल? एकमेकांना खाऊन शून्य उरेल, असं वाटतं. तसं होत नाही. कमी करणाऱ्या नॉबचा अंमल थोडा वरच्या भागात चालतो, त्यामुळे तळ फुगतो आणि त्याच्या वरचा, आवाज गढूळ करणारा भाग खचतो. किक ड्रम घट्ट होतो, बेस गिटार मोकळी वाटते. दोन वक्र रेषा नेमक्या जुळल्या नाहीत, त्याची ही फळं! वर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर जाता जाता आवाजात आपली किंचित भर घालतात ती वेगळीच. लोक ज्याला ‘उबदार’ आवाज म्हणतात तो बराचसा या भरपाईच्या यंत्रणेचा प्रसाद आहे.

हे कॉइलचं घराणं पुढे इंग्लंडमध्ये रूपर्ट नीव्ह यांनी चालवलं. त्यांच्या 1970च्या 1073 या मॉड्यूलवरही जागा ठरलेल्या: मधल्या पट्ट्यात 360, 700, 1600 असे टप्पे, मधलं काही हवं असेल तर मिळायचं नाही. टप्पा बदलला की आत कॉइल-कपॅसिटरचं गणित बदलतं, त्याला इलाज नाही. (आपल्याकडे घराघरांत पोचला तो ग्राफिक इक्वलायझर. टेपरेकॉर्डरवरचे ते पाच स्लायडर, दोन्ही टोकं वर आणि मधला खाली, हीच बहुतेकांची आवड. त्याची कुळी वेगळी, त्यात इथे शिरत नाही.)

दुसरं घराणं सुरू झालं ते कॉइलला फाटा देऊन. 1972 साली लॉस एंजेलिसला ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या अधिवेशनात जॉर्ज मॅसेनबर्ग या पंचविशीतल्या तरुणाने ‘पॅरामेट्रिक’ इक्वलायझरवर निबंध वाचला. त्यात जागा ठरलेल्या नव्हत्या. कुठे, किती आणि केवढ्या रुंदीत, असे तीन आकडे, तिन्ही एकमेकांपासून स्वतंत्र, आणि हवे तिथे सरकवता येणारे. माझ्या मते सॉफ्टवेअर इक्वलायझरचा जन्म इथेच झाला, संगणक नंतर आला एवढंच. 1992 साली वेव्ह्ज या इस्रायली कंपनीने क्यू10 हे प्लगइन काढलं, तेव्हा पडद्यावर दिसले ते हेच तीन आकडे, दहा वेळा. पुढे रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी या फिल्टरांची सूत्रं ‘पाककृती’ म्हणून सगळ्यांना फुकट वाटली. एका पट्ट्यासाठी डिजिटल आवाजाच्या दर नमुन्यामागे पाच गुणाकार आणि थोड्या बेरजा, सेकंदाला 44,100 वेळा. आजच्या साध्या लॅपटॉपला याचं काहीच वाटत नाही.

म्हणून पेटी की प्लगइन हा प्रश्न मला जरा चुकीचा वाटतो. आधी कुठल्या घराण्याचं काम आहे ते बघावं. समजा, घरी तंबोरा रेकॉर्ड केला. काळी एकचा षड्ज साधारण 138 हर्ट्झचा, म्हणजे खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास. सोबत विजेची घुंऽऽ आली असेल तर ती आपल्याकडे 50 हर्ट्झवर. 1073च्या लो-कटला, म्हणजे तळ कापणाऱ्या फिल्टरला, खाली 50 आणि 80 हे दोनच टप्पे. 80 लावला तर खर्जाला धक्का लागतो, 50 लावला तर घुंऽऽ जेमतेम तीन डेसिबल उतरते. प्लगइनमध्ये 50वर अरुंद खाच पाडा, गरज पडली तर 100 आणि 150वर आणखी एकेक, खर्ज जागच्या जागी राहतो. दुरुस्तीच्या कामात पेटी प्लगइनच्या जवळपासही येत नाही, आणि यासाठी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरबरोबर येणारा रीईक्यू पुरतो.

रंगाच्या बाबतीत वाद आहे, पण तो लोक करतात तेवढा मोठा नाही. पुल्टेकची सॉफ्टवेअर रूपं आता इतकी जवळ गेली आहेत, की गाण्याच्या गर्दीत फरक ओळखणारे कान थोडे. डिजिटलची एक जुनी खोड मात्र खरी: 44.1 किलोहर्ट्झवर काम करताना अगदी वरच्या टोकाला उचललेला वक्र आखडतो, आणि तिथला ट्रेबल अ‍ॅनालॉगसारखा मोकळा येत नाही. चांगली प्लगइन्स आतल्या आत जास्त वेगाने हिशेब करून किंवा सूत्रंच बदलून यातून वाट काढतात.

पेटीचा खरा खर्च किमतीवर थांबत नाही. एक पेटी एका वेळी एकाच ट्रॅकला लागते, स्टिरिओ हवं तर दोन घ्या. संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसला जादा लाइन-आउट आणि लाइन-इन हवेत. आठवड्याने गाणं पुन्हा उघडलं तर नॉब कुठे होते ते फोटो बघून जुळवायचे, तेही अंदाजाने. मात्र जो गाताना किंवा वाजवतानाच आवाज ठरवून टाकतो आणि मागाहून शंभर वेळा बदलत बसत नाही, त्याने जरूर घ्यावी. बाकीच्यांनी ते पैसे आधी खोलीवर आणि माइकवर घालावेत. भिंतीवरून परतून आलेला आवाज दोन्ही घराण्यांना काढता येत नाही.