हाडूक टाकणारा हात

मराठीत कुत्र्याला हाकलण्याचा उद्गार आणि कुत्र्यापुढे टाकण्याची वस्तू यांचा उच्चार जवळजवळ एकच आहे : हाड. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोहोंचा संबंध असो वा नसो, व्यवहारात मात्र तो आहेच. ज्या प्राण्याला आपण हाड म्हणून हाकलतो, त्याच्याच पुढे हाड टाकतो. आणि तो ते घाईने, बकाबका खाऊ लागला की त्याला हावरा म्हणतो. या हावरेपणाच्या आरोपाला भारतीय वाङ्मयात दीर्घ इतिहास आहे. तो थोडक्यात तपासावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या नजरेसमोर गाव आहे ते माजरी. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील हे कोळसा खाणींचे आणि रेल्वे जंक्शनचे गाव. या तालुक्याचे दोन विशेष आमच्या विषयाला उपयोगी पडतात. भद्रावती, म्हणजे जुने भांदक, येथे विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. आणि ताडोब्याच्या जंगलात जाणारी मोहर्लीची वाट याच तालुक्यातून जाते. एकीकडे कुत्र्याच्या हाडाचा दृष्टान्त देणाऱ्या परंपरेची खूण, तर दुसरीकडे कुत्र्याच्या रानातल्या भाऊबंदांचे घर.

प्रथम दृष्टान्त. पाली मज्झिमनिकायातील ५४ वे सुत्त पोतलिय नावाच्या गृहस्थाला उद्देशून आहे. कामोपभोगांची निरर्थकता समजावताना तेथे एकामागून एक सात उपमा येतात. त्यांतली पहिली हाडाची. भुकेने खंगलेला कुत्रा खाटकाच्या दुकानापाशी येतो. कुशल खाटीक किंवा त्याचा शागीर्द मांस पूर्ण खरवडून काढलेले, केवळ रक्ताने माखलेले हाड त्याच्यापुढे फेकतो. याने त्या कुत्र्याची भूक भागेल काय, असा प्रश्न आहे. उत्तर अर्थातच नाही.

पुढे भर्तृहरीच्या नीतिशतकात कुत्रा तीनदा भेटतो. एका श्लोकात स्नायू-चरबीचे चार अंश चिकटलेले मांसहीन हाड मिळताच तो संतुष्ट होतो, भूक न भागताही. सिंह मात्र मांडीवर आलेला कोल्हा सोडून हत्तीवर झेपावतो. दुसऱ्यात तो किडे पडलेले, लाळेने भिजलेले माणसाचे हाड इतक्या गोडीने चघळतो, की शेजारी प्रत्यक्ष इंद्र उभा असला तरी त्याला संकोच वाटत नाही. तिसऱ्यात तो अन्न देणाऱ्यापुढे शेपूट हलवतो, पायाशी लोळतो; गजराज मात्र धीरगंभीरपणे पाहतो आणि शेकडो मनधरण्या झाल्यावर खातो. वामन पंडितांच्या भाषान्तरामुळे हा कुत्रा मराठी वाचकाच्याही ओळखीचा झाला.

आता या दोन ग्रंथांतील फरक पाहावा. सुत्तामध्ये खाटीक उपस्थित आहे. हाड कोणी खरवडले, किती कौशल्याने खरवडले आणि कोणापुढे फेकले, हे सर्व तेथे सांगितले आहे. नीतिशतकातील पहिल्या दोन श्लोकांतून हा खाटीक नाहीसा होतो. हाड जणू आपोआप पडलेले असते, आणि ते चघळणे हा कुत्र्याच्या प्रकृतीचा दोष ठरतो. तिसऱ्या श्लोकात अन्नदाता आहे, परंतु परीक्षा त्याची नसून खाणाऱ्याची आहे. ज्या गजराजाची मनधरणी होते त्याचा घास कोणी हिसकावणार नसतो, ही साधी गोष्ट श्लोक विचारात घेत नाही.

प्राण्याची शरीररचना काय सांगते? ताडोब्यातील रानकुत्री कळपाने शिकार करतात आणि फार वेगाने खातात. चितळ पडले की ते वाघ-बिबट्या येण्यापूर्वी आणि कळपातल्या इतरांच्या आधी पोटात गेले पाहिजे. थांबून खाणाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. पाळीव कुत्रा हा रानकुत्र्याचा वंशज नव्हे, तो लांडग्याच्या कुळातला. पण घाईचे कारण तेच. त्याच्या गालातल्या दाढा जात्यासारख्या दळत नाहीत, कात्रीसारख्या कापतात. त्याने मोठा तुकडा गिळावा अशीच ही रचना आहे. ज्याला आपण हावरेपणा म्हणतो, ती वाट्याविषयीची अनिश्चिती आहे. भरल्या घरात वाढलेल्या कुत्र्याच्या अंगातही ती मुरलेली असते.

म्हणूनच घाईने खाणाऱ्या कुत्र्याला कच्चे हाड द्यावे, असा उपाय पुष्कळजण सांगतात. गिळता येत नाही, चावत बसावे लागते, म्हणून वेग मंदावतो. यात तथ्य आहे, पण अर्धे. शिजवलेले हाड कोरडे व ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात, तेव्हा ते देऊच नये. कच्चे हाड त्या मानाने चिवट असले, तरी त्यातून जंतुसंसर्ग होतो, नळीच्या कठीण हाडाने दात फुटतो आणि लहान तुकडा घशात अडकतो. अधाशी कुत्र्याला हा शेवटचा धोका सर्वांत अधिक, कारण तो लहान हाड चावतच नाही. त्यामुळे अनेक पशुवैद्य हाड टाळायला सांगतात. द्यायचेच तर ते तोंडात न मावणारे असावे, झिजून लहान होताच काढून घ्यावे, आणि दुसरा कुत्रा जवळ नसावा. जेवण थोडे थोडे करून देणे व हिसकावणारा कोणी नाही याची खात्री पटू देणे, हा अधिक सुरक्षित मार्ग. या सूचना नीट पाहिल्या तर ध्यानात येते, की बहुतेक सर्व देणाऱ्याला उद्देशून आहेत.

दृष्टान्तातून देणारा गाळला की काय होते, याचे गंभीर उदाहरण प्राण्यांपुरते मर्यादित राहत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात (३.९२) गृहस्थाने कुत्रे, पतित, श्वपच, पापरोगी, कावळे आणि कृमी यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवावे असे सांगितले आहे. येथे माणसे कुत्र्यांच्या पंगतीत बसवली गेली आहेत. ‘श्वपच’ या शब्दातच कुत्रा आहे. पुढे त्याच माणसांना, मिळेल ते खातात म्हणून हिणवले गेले. मार्च १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत, असे आम्हाला वाटते. पहिलीने तुकडा नाकारला. दुसरीने तुकडा टाकणाऱ्या हाताला जाब विचारला.

याच परंपरेत एक वेगळी कथाही आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी खाऊ नकोस, तूप लावून देतो, म्हणाले. ही कथा आपण भूतदयेचे उदाहरण म्हणून शिकवतो. आमच्या मते ती दृष्टान्ताची दुरुस्तीही आहे. पळवणाऱ्याच्या हावरेपणाविषयी तीत अवाक्षर नाही. आपण दिले ते पुरेसे होते काय, एवढाच प्रश्न नामदेवांना पडलेला आहे. नीतिशतक वर्गात शिकवताना भर्तृहरीच्या कुत्र्याशेजारी ही कथा अवश्य ठेवावी, आणि ते हाड कोणी खरवडले होते, हे विद्यार्थ्यांना विचारावे.