उर्दू शाळांतील विद्यार्थी आणि दहावीनंतरची भाषा

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस, उमरखेड, दारव्हा, आर्णी आणि खुद्द यवतमाळ येथे उर्दू माध्यमाच्या शाळा चालतात. काही जिल्हा परिषदेच्या, काही नगर परिषदेच्या, तर काही खासगी संस्थांच्या आहेत. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला, तरी त्यावरील निजामाचे नाममात्र स्वामित्व पुढेही कायम होते. दक्षिणेचा नांदेड जिल्हा तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. या भागात उर्दू रुजली ती अशी.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी, असे राज्यघटनेचे अनुच्छेद ३५०क सांगते. १९६७ मध्ये स्थापन झालेली ‘बालभारती’ उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते. अभ्यासक्रम मराठी शाळांचाच आणि दहावीची परीक्षा घेणारे अमरावती विभागीय मंडळही तेच. त्यामुळे उर्दू माध्यम हेच मागासलेपणाचे कारण, हा सर्रास काढला जाणारा निष्कर्ष टिकत नाही. खरी अडचण हे माध्यम जिथे संपते तिथे सुरू होते.

दहावीपर्यंत त्रिकोणाला ‘मुसल्लस’, समीकरणाला ‘मसावात’ आणि प्रकाशसंश्लेषणाला ‘जियाई तालीफ’ म्हणणारा विद्यार्थी अकरावी विज्ञानाला गेला, की त्याच संकल्पना इंग्रजीतून त्याच्यासमोर येतात. विषय त्याला येत असतो, पण शब्द ओळखीचे नसतात. लिपीची दिशाही उजवीकडून डावीकडे असलेली उलटते. मराठी माध्यमाच्या मुलालाही हा धक्का बसतो, पण वर्गात शिक्षक अडलेला भाग मराठीतून समजावून देतात. उर्दूतून आलेल्याला तो आधारही अपुरा पडतो. उर्दूतून उच्च शिक्षण अशक्य होते, असे मात्र नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात संस्थानकाळात वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली जात असे. संस्थान विलीन झाल्यावर तेथे इंग्रजी आली. २०१८ पासून ‘नीट’ची प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळते, परंतु अकरावी-बारावी इंग्रजीतून केलेल्याला तिचा उपयोग बेताचाच.

दुसरा प्रश्न मराठीचा आहे, आणि तो अधिक दुर्लक्षित आहे. ही मुले बाजारात, शेतात, एसटीत वऱ्हाडी सहज बोलतात. लेखी मराठी मात्र त्यांच्यासाठी एका विषयापुरती असते आणि सरावाअभावी वाचनाचा वेग कमी राहतो. पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीतून होते. तेथे नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न सोडवताना हा वेग निर्णायक ठरतो. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. विषय सक्तीचा करणे सोपे, पण तो शिकवायला चांगले मराठी जाणणारा शिक्षक हवा, आणि उर्दू शाळेत नेमका तोच मिळणे कठीण जाते.

शिक्षकभरती माध्यमनिहाय होते. आरक्षित प्रवर्गांत उर्दूतून शिकलेले आणि पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले उमेदवार फार थोडे असल्याने बिंदुनामावलीतील त्या जागा रिकाम्या राहतात. दोन शिक्षकी शाळेत एक जागा रिक्त असली आणि उरलेल्या शिक्षकाला मतदारयादीचे काम लागले, तर त्या दिवशी सारे वर्ग एकाच खोलीत बसतात.

मुलींच्या वाटेत अंतराचीही भर पडते. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत प्राथमिक शाळेसाठी एक, तर उच्च प्राथमिकसाठी तीन किलोमीटरचे अंतर धरले आहे. पण हे अंतर कोणत्याही शाळेचे, उर्दू शाळेचे नव्हे. गावातली उर्दू शाळा सातवी-आठवीला संपली, की पुढची उर्दू शाळा बहुधा तालुक्याच्या गावी असते. मग पालकांपुढे दोनच मार्ग उरतात : मुलीला रोज एसटीने पाठवायचे, नाहीतर गावातल्या मराठी शाळेत घालून आठवीनववीत तिचे माध्यम बदलायचे. पुष्कळ घरांत तिला घरीच बसवले जाते.

उपाय फार खर्चिक नाहीत. नववी-दहावीतच गणित-विज्ञानाच्या संज्ञा उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत फळ्यावर लिहिणे, अकरावीच्या आधी उन्हाळ्यात महिनाभराचा सेतू वर्ग घेणे आणि मराठीसाठी शेजारच्या शाळेतील शिक्षक आठवड्यातून दोन दिवस मागवणे, एवढे शाळा आणि पंचायत समितीच्या पातळीवरही जमण्यासारखे आहे. रिक्त जागांचा निर्णय मात्र मुंबईतच व्हावा लागेल.